वहिनीचं निरांजन आणि तारेचा तुकडा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, दादापाशी तर नाहीच. तुलाच का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

पनवेलजवळ नेऱ्याला आमच्या घरामागच्या खोलीत मी थ्रीडी प्रिंटर चालवतो. तळोज्याच्या कारखान्यांना लागणारे प्लास्टिकचे बारीकसारीक भाग बनवतो. प्रिंटरची खालची पाटी विजेवर तापते, आणि ती वीज कधी द्यायची, कधी तोडायची हे काम रिलेचं. रिले बिघडला की बहुतेकदा चालूच अडकून बसतो आणि पाटी तापत राहते. म्हणून पाटीला थर्मल फ्यूज लावतात. प्रमाणाबाहेर तापलं की तो उडतो, वीज बंद. हे सगळं मला ठाऊक होतं — अगदी नीट ठाऊक होतं.

माझा फ्यूज उडाला. नवा आणायचा कंटाळा केला आणि त्याच्या जागी तारेचा तुकडा पिळून टाकला. रिलेही तसलाच, हलका. चालतंय ना? मग चालू दे.

खंडेनवमीला वहिनीनं खोली झाडली, प्रिंटरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, समोर निरांजन लावलं. त्या दिवशी आमच्याकडे यंत्र चालवत नाहीत. मी चालवलं. काम अडलं होतं म्हणून मागे जाऊन गुपचूप बटण दाबलं, पाटी तापत ठेवली, दार लोटलं आणि सगळ्यांबरोबर पानावर येऊन बसलो.

धूर दिसला तेव्हा दादा आधी धावला. जळतं टेबल त्यानं हातांनीच बाहेर ओढलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

आणि मग — इथेच थांबावंसं वाटतं. अंगणात सगळे जमलेले, आणि मी विचारलं, "वहिनी, निरांजन विझवलं होतं का?"

एवढंच. खोटं असं एक अक्षर नाही. आहे की नाही हुशारी? यंत्र त्या दिवशी बंदच असणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. आणि मला ते माहीत होतं.

"नाय वो भाऊजी," ती म्हणाली, "मना वाटला आपसूक इजल." मग तिनं दादाच्या हाताकडे बघितलं.

जळका रिले आणि ती तार मी राखेतून उचलून गाढी नदीत फेकली.

तेव्हापासून ती देव्हाऱ्यातही दिवा लावत नाही. दादाच्या शर्टाची बटणं तीच लावते, पण लावताना त्याच्याकडे बघत नाही. मी समोर चहा पीत असतो. शी! स्वतःच्या तोंडाची किळस येते मला. पनवेलमधली प्रिंटरवाली मंडळी आता मला फोन करून विचारतात, रिले कुठला घेऊ, फ्यूज कसा लावू? मी तासन्‌तास समजावतो. किती काळजी घेता हो, म्हणतात. ते मी ऐकून घेतो — आणि पुढचाही फोन उचलतोच ना?

यंदा खंडेनवमीला वहिनीनं नव्या प्रिंटरपुढे बॅटरीचा दिवा ठेवला. "भाऊजी, यानं नाय ना काय जलनार?"

मी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि जाणकारासारखं म्हणालो, "नाही, वहिनी."

तिनं हात जोडले. शेजारी मीही जोडले.