पोळपाटाचे दोन अर्धे
बाहेर रस्त्यावर डांबर टाकताहेत, आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा फिरलं. बहात्तरचा दुष्काळ सरून हिप्परग्याचं तळं भरलं, तेव्हा आमच्या ह्यांनी मासिकात समुद्राच्या लाटेवर फळीवर उभं राहून जाणाऱ्या माणसाचं चित्र पाहिलं. झालं! एक लांब फळी तासली, तिला डांबर फासलं आणि तळ्यात सोडली. वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरायची. "खाली पाती पायजेत," म्हणाले, आणि माझ्या माहेरच्या सागवानी पोळपाटाचे पाय उपटून, तो मधोमध कापून, दोन्ही अर्धे फळीच्या शेपटाखाली उभे ठोकले. मी काठावर चरफडत उभी. फळी सुतासारखी सरळ निघाली, पण त्या खोल पात्यांमुळं वळायचं नाव घेईना. "अहो, वळा की मागं!" मी ओरडले. "वळंना गं! पण सरळ कशी जातीया बघ की!" गेले थेट पलीकडच्या काठाला. तिथून फळी डोक्यावर घेऊन उन्हातनं चालत आले, तेही हसत. मी ताट पालथं घालून पोळ्या लाटल्या आणि आठवडाभर बोलले नाही. आता ते नाहीत. खिडकी लावून घेतली तरी डांबराचा वास येतोच, आणि तोंडात तेच येतं: अहो, वळा की मागं.