बाबांनी केलेले दोन फोन

स्पीच थेरपी शिकणाऱ्या मुलीचा आवाज बसावा, आणि तोही प्रवेश नक्की करायला तीन दिवस उरलेले असताना, हा विनोद माझ्या मैत्रिणींना अजून पुरतो आहे. चातुर्मासाच्या आधीचा शेवटचा मुहूर्त धरून अलोऱ्याला मावसबहिणीचं लग्न होतं. हळदीला बंद हॉलमध्ये डीजे लावलेला. त्याच्यासमोर उभी राहून मी दिवसभर सगळ्यांशी गप्पा मारल्या, म्हणजे किंचाळले. दुसऱ्या दिवशी लग्न लागताच बाबांबरोबर घरी परतले तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "तीन दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." कुजबुजण्याने आवाज आणखी बिघडतो, हे मी स्वतः पेशंटांना कितीदा बजावलेलं. त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. आई पाठवणीनंतरची आवराआवर करायला अलोऱ्यालाच राहिली होती. घरी मी आणि बाबा.

माझी पदवी वाचा आणि श्रवण यांवरच्या उपचारांची. पुढे मला फक्त वाचा शिकायची होती, आणि त्यासाठीच मी एम.एस्सी.चे अर्ज केले होते. पावसजवळच्या आमच्या वाडीत हे कुणाला समजावायचं म्हणजे "न बोलणाऱ्यांना बोलतं करायचं शिक्षण" असं सांगावं लागतं. मग पुढचा टोमणा ठरलेला: "मग आधी बापाला कर की."

बाबा अडखळतात. शब्दाचं पहिलं अक्षर धरून बसतात, मान एका बाजूला जाते, डोळे मिटतात, आणि समोरचा माणूस उगाच आपल्या चपलांकडे बघायला लागतो. हातखंब्याला हायवेवर त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे. ड्रायव्हर येतो, काय बिघडलंय ते तावातावाने सांगतो, बाबा कान देऊन इंजिन ऐकतात आणि पान्याने नेमकी जागा दाखवतात. तिथे त्यांचं बोलण्यावाचून अडत नाही. घरी त्यांची वाक्यं आई आणि मी पुरी करतो. आई मायेने, मी घाईने. मला कुणी सावकाश बोललेलं लहानपणापासून सोसत नाही. बाबांनी "पा..." म्हटलं की माझ्याकडून "पाणी? पाना? पावती?" असा मारा सुरू होई, आणि बाबा त्यातल्या एकाला मान हलवत. त्यांना खरंच तेच म्हणायचं होतं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

पण शिमग्यात हेच बाबा वेगळे असतात. पालखी घरोघर फिरते तेव्हा प्रत्येक अंगणात गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि आमच्या वाडीत तो मान आमच्या घराण्याकडे आहे. बाबा नारळ हातात घेऊन उभे राहतात आणि खणखणीत आवाजात सुरू करतात: "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..." मागून सगळी वाडी म्हणते, "व्हय म्हाराजा!" "कुणाची वाट वाकडी झाली असंल ती सरळ कर..." "व्हय म्हाराजा!" एकदाही अडत नाहीत. चाळीस-पन्नास घरं, आणि एकदाही नाही. वाडीतले म्हातारे सांगत की देव याची जीभ वर्षभर आपल्याकडे ठेवतो आणि शिमग्याला परत देतो. म्हणूनच बाबांना कुणी कधी उपचाराला नेलं नाही. देवाने ठेवलेली वस्तू माणसाने कशी मागायची? मुद्दाम कुणी वाईट वागलं असं नाही. सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं, आणि त्या कौतुकात बाबांची चोपन्न वर्षं गेली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला यातली मेख कळली. ठेक्यात, ठरलेले शब्द, आणि चारजणांच्या आवाजात आवाज मिळवून बोलताना अडखळणाऱ्या माणसांची वाट बऱ्याचदा मोकळी होते. मी इतकी हरखले की सुट्टीत घरी येऊन जेवताना बाबांना अख्खं लेक्चर दिलं. देवाचा काही संबंध नाही, मेंदूचं काम आहे, वगैरे. बाबा ऐकत होते. "मंग..." एवढंच म्हणाले आणि अडले. मी लगेच, "मग काय करायचं? काही नाही, स्वीकारायचं!" असं म्हणून टाळी दिल्यासारखं वाक्य संपवलं आणि भात वाढून घेतला. आज तो प्रसंग आठवला की स्वतःला दोन थपडा द्याव्याशा वाटतात.

अर्जात 'हा विषय का निवडला' यावर पाचशे शब्द लिहायचे होते. आमची वाडी उताराखाली आहे, तिथे फोनला रेंज नाही. वर सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, एका काजूखाली बसून मी सगळे अर्ज भरले. पहिल्या मसुद्यात समाजाची सेवा, लहानपणापासूनची तळमळ असं बरंच पीठ मळलं होतं. तो कॉलेजातल्या एका सीनियरला वाचायला पाठवला, तर तिने एका ओळीत उत्तर पाठवलं: "हे तुझं नाही." ते वाचून मी आधी चिडले, मग सगळं खोडलं आणि बाबांबद्दल लिहिलं. गाऱ्हाणं, गॅरेज, सगळं. बाबांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

मुलाखत ऑनलाइन होती, म्हणून मी ती गॅरेजच्या केबिनमधून दिली. हायवेला रेंज उत्तम. त्या दिवशी बाबांनी कॉम्प्रेसर बंद ठेवला आणि अंगणात आलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावलं. एक सरदारजी ड्रायव्हर तर माझ्यासाठी चपला हातात घेऊन चालत होता. अर्धा तास त्या गॅरेजात देवळासारखी शांतता होती. असे लाड किती मुलींच्या मुलाखतीचे होतात मला माहीत नाही. माझे झाले.

ही मुलाखत मोठ्या शहरातल्या, मोठ्या नावाच्या संस्थेची. त्यांना माझं लिखाण फार आवडलं होतं. एका सरांनी विचारलं, "वडिलांनी कधी उपचार घेतले का?" मी म्हणाले, "नाही सर. त्यांना गरज वाटत नाही." सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. केबिनच्या भिंती पत्र्याच्या आहेत, आणि बाबा बाहेर टेकून उभे होते.

दुसरी मुलाखत घाटावरच्या एका लहान कॉलेजची. ती वाईट झाली. गिळण्याच्या तक्रारीही आमच्याच विषयात येतात, आणि त्यांवरच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं. तरी एकाच आठवड्यात दोन्हीकडून निवड झाल्याची मेल आली, आणि दोघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

कुठे जायचं? आईचं मत ठाम होतं: मोठं नाव. मावशीचं, मामाचं, वाडीतल्या प्रत्येकाचं तेच. मीही वहीत दोन रकाने पाडले, शिक्षक किती, पेशंट किती, हॉस्टेल आहे का, आणि मोठ्या नावाकडेच कलले. घाटावरच्या कॉलेजची वर्गसंख्या लहान होती आणि अडखळणाऱ्या मोठ्या माणसांचा एक नियमित गट तिथे चालायचा, एवढंच त्याच्या बाजूने. मला मनातून भीती अशी होती की चुकीची जागा घेतली तर दोन वर्षं तर जातीलच, पण जे शिकायला निघाले तेच राहून जाईल. एवढं पाचशे शब्दांत मिरवून घेतलं, आणि घरातल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, असं नको होतं. फक्त हॉस्टेलचा प्रश्न दोन्हीकडे लटकलेला. मेलला उत्तर नाही. फोन करणं भाग होतं, आणि मी मुकी.

बुधवारी सकाळी मी शाळेतली जुनी पाटी शोधून तिच्यावर लिहिलं: 'आईला सांगते फोन करायला.' बाबांनी ते वाचलं. खुंटीवरची छत्री घेतली, माझा फोन खिशात घातला, वहीतले दोन्ही नंबर एका बिलाच्या पाठीवर उतरवून घेतले. मी दारात आडवी उभी राहिले. बाबा फोनवर बोलत नाहीत. गॅरेजचा फोनही मदतनीस उचलतो. समोर चेहरा नसला की अडलेला माणूस आणि तुटलेली लाइन यात ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि बाबांना जन्मापासून. मी खुणांनी नको नको म्हणत होते. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं आणि सड्याच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढायला लागले.

दीड तास झाला. मी भात लावला, तो करपवला, दुसरा लावला. बाबा आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. ओटीवर बसले, टॉवेलने डोकं पुसलं आणि सांगायला लागले. इथे मला एक कबूल करायचंय. बाबांचं एवढं लांब बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं, कारण मध्ये तोंड घालायची सोयच नव्हती. ते अडत होते, थांबत होते, आणि शब्द शेवटी येत होता. जो शब्द येत होता तो मी मनात धरलेला नसायचा. एकदाही नाही.

मोठ्या संस्थेत एका बाईंनी फोन उचलला. बाबा पहिल्याच अक्षरावर अडले. "तिनं फोन ठेवलान," बाबा म्हणाले. "परत लावला. मंग बोलते, ॲडमिशन? फी? हॉस्टेल? मी हॉस्टेलला हां म्हटलं, तर व्हॉट्सअप करा बोलली नि ठेवलान." मग माझ्याकडे बघून हसले. "तुज्यासारकीच. लय घाय तिला." त्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला फार लागलं.

घाटावर फोन एका मॅडमनी उचलला. बाबा अडले, तशा त्या थांबल्या. बाबांना वाटलं लाइन कटली, म्हणून त्यांनी "हॅलो" म्हटलं. तिकडून आवाज आला, "ऐकतेय मी. सावकाश." बस, एवढंच. बाबांनी हॉस्टेलचं विचारलं, मेसचं विचारलं, रत्नागिरीहून एस.टी. कुठे उतरवते ते विचारलं. "मुलीला राग लवकर येतो, चालंल ना, ते पण इचारलं," बाबा म्हणाले. मॅडम म्हणे खूप हसल्या.

मी पाटी ओढली आणि घाटावरच्या कॉलेजचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या. रकाने नाहीत, बेरीज-वजाबाकी नाही. मला जे शिकायचं होतं ते तिथल्या फोनवरच्या बाईंना येत होतं. आज त्या कॉलेजात माझं दुसरं वर्ष चालू आहे. त्या मॅडम उपचार करणाऱ्या नाहीतच, ऑफिसात असतात, शिक्के मारतात. मी पहिल्या दिवशी त्यांच्या पाया पडले तेव्हा बिचाऱ्या गडबडल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्या बसलेल्या घशाचेही.

पण त्या बुधवारी मला वाटलं होतं की बाबांचं सांगून झालं. मी भाताकडे उठले, तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. झालं नाय अजून."

मी बसले. बाबा बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तू त्या दिवशी साहेबाला बोललीस, मला गरज वाटत नाय. मी आयकलं." पाऊस पन्हाळीतून धो धो पडत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हुंदकाही देता येईना. बाबांनी हाताने 'रडू नको' अशी खूण केली आणि पुढे बोलले. "मी त्या मॅडमला इचारलं, पन्नाशी उलटलेल्या माणसाला घेता का तुमी? तर बोलली, घेतो की. दिवाळीच्या सुट्टीत या. लिहून घेते, नाव सांगा."

अडखळणाऱ्या माणसाला सगळ्यात कठीण शब्द म्हणजे स्वतःचं नाव. बाकी कुठल्याही शब्दाच्या जागी दुसरा घालता येतो, नावाच्या जागी येत नाही. बाबा बँकेत पासबुक पुढे सरकवतात, दवाखान्यात आधारकार्ड. चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून त्यांचं नाव मी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकलेलं नाही हे मला तोवर कळलंही नव्हतं.

मी पाटीवर लिहिलं: 'मग?'

"मंग सांगितलं," बाबा म्हणाले. "लय येळ लागला. ती थांबली."

आणि मला ते ऐकायचंय हे त्यांना कळलं असावं. ते ताठ बसले. पहिलं अक्षर आलं आणि अडलं, मान वळली, डोळे मिटले, पुन्हा तेच अक्षर, पुन्हा. मी चपलांकडे पाहिलं नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग बाबांनी त्यांचं नाव सांगितलं, त्यापुढे आजोबांचं, आणि मग आमचं आडनाव.