पूजेला बसवलेला संगणक

दुपारी जेवून पडलो, डोळा अर्धवट लागला, की ती केस अजूनही हळूच समोर येऊन बसते. फुलचूरच्या माझ्या घराची खिडकी धानाच्या बांध्यांकडे उघडते. पिकल्या धानाचा वास आत येतो, आणि झोपेत मला झेंडूच्या हारातला एक संगणक दिसतो. बायको म्हणते, झोपेत पुटपुटता. पुटपुटत नाही बाप्पा, मी तपास करत असतो.

तेव्हा मी गोंदियात ठाणेदार होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. सौंदडकडचा एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन सकाळच्या गाडीने आला. चहा पाजला, तेव्हा म्हणाला, "साहेब, माह्या घरची गोष्ट त्या मानसाले कोनं सांगतलन?"

घडलं होतं ते असं. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरत होतं. मुलाकडची मंडळी बैठकीत, चहा हातात. तेवढ्यात बापाचा फोन वाजला. तो फोन नेहमी स्पीकरवर लावूनच बोलायचा. पलीकडून गोड आवाज आला, "काका, आपकी बेटी को सिकलसेल है ना? हमारे पास पक्का इलाज है." पाहुण्यांनी अर्धे कप तसेच खाली ठेवले आणि निघून गेले.

आमच्या भागात या शब्दाने काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार. मुलगी आजारी नव्हती, फक्त वाहक होती. नवराही वाहक असला तरच पुढच्या लेकरांना धोका. पण बैठकीत एवढं कोण समजून घेतो? मुलीचं लग्न मोडायच्या बेतात होतं, आणि तिचा गुन्हा काय, तर तिने शहाणपणाने रक्त तपासून घेतलं. "रिपोर्ट बाबाले आन मलेच माहीत होता," ती म्हणाली. "आन लॅबवाल्याले."

फोनचं सिम भलत्याच माणसाच्या नावावर निघालं. मग आम्ही लॅबवर गेलो. शहरातलं खाजगी दुकान, चकचकीत. मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहब, कंप्यूटर में पासवर्ड है. परिंदा पर नहीं मार सकता." आमच्या सायबर शाखेच्या पोरीने संगणक उघडून पाहिला. ती म्हणाली, "सर, सगळ्या रिपोर्टची नक्कल पेनड्राइव्हवर गेली आहे. दसऱ्याच्या दुपारी."

मालक हसलाच. "दसरे को? उस दिन तो मशीन की पूजा होती है. कोई हाथ नहीं लगाता."

मी मात्र हसलो नाही. दसऱ्याला आमच्या ठाण्यातल्या रायफलींनाही हळदकुंकू लागतं, आणि पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी उगाच कोणी हात लावत नाही. चोरांनीही जरा समजून घ्यावं, एवढीच अपेक्षा. मी विचारलं, "पूजेत संगणक चालू होता की बंद?"

"चालू, साहब. बंद मशीन की पूजा कैसे करेंगे?"

घ्या! पासवर्ड टाकून संगणक उघडा केलेला, पडदा आपोआप विझायची सोयही काढून टाकलेली, वर हार, समोर उदबत्ती, आणि सगळा स्टाफ घरी पुरणपोळी खायला. दार उघडं, कारण प्रसादाला येणाऱ्याला कुलूप दिसू नये. दुकानात कोणीच नाही, फक्त निळ्या उजेडात झेंडू आणि गावभरच्या लोकांचं रक्त.

शेजारच्या दुकानदारांना विचारून प्रसादाला येऊन गेलेल्यांना एकेक करून बोलावलं. त्यात लॅबला तपासणीचे किट पुरवणारा एक माणूस होता. त्याला मी दमात घेतलं नाही. माझा अनुभव असा, की माणूस पाप लपवतो, पुण्य लपवत नाही. म्हणून मी त्याच्याशी पूजेबद्दलच बोलत बसलो. पंखा कुरकुरत होता, खिडकीबाहेर चिंचेवर बगळे उतरत होते, आम्ही दोघेही पेंगल्यासारखे. नारळ गोड होता का, बुंदी कुठली. मग मी जांभई देत एक थाप मारली. "हार विस्कटलेला सापडला म्हणे. कोणीतरी पूजा मोडली. फार वाईट."

तो ताडकन उठला. "नहीं साहब! मैंने हार दोनों हाथ से उठाया, वैसा का वैसा वापस रखा. पहले मशीन के पाँव भी छुए!"

बोलून गेला आणि खाली बसला. पुढे मी काही विचारलंच नाही, त्यानेच सगळं सांगितलं. पंचांसमक्ष त्याच्या खोलीची झडती घेतली, तेव्हा पेनड्राइव्ह मिळाला आणि पुड्या बांधलेलं कसलंसं हिरवं चूर्ण. ते विकायला तो घरोघरी फोन लावत होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

लॅबमालक म्हणाला, "चोरी तो मेरी हुई, साहब." माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "तुमचं काय गेलं हो? संगणक जागेवर आहे. गेलं ते लोकांचं. आता ज्याचा रिपोर्ट त्याला एकट्याला गाठून सांगा, की आमच्याकडून गेला." तो म्हणाला, धंदा बसेल. बसू दे, म्हटलं. आता तर वैयक्तिक माहितीचा नवा कायदाच आला आहे. माहिती फुटली तर ज्याची त्याला कळवावी लागेल, नाहीतर जबर दंड. व्यापारी लोक मला विचारतात, साहेब, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? मी म्हणतो, घ्या कोणतंही. पण आधी एवढं डोक्यात घ्या, की माणसाने स्वतः सांगायची गोष्ट तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेली असते.

हे मला त्या मुलीने शिकवलं. ती पुरवणी जबाबाला आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत होतो. चोर सापडला होता. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची रक्ततपासणी झाली होती, तो वाहक नव्हता, आणि ती मंडळी पुन्हा यायला तयार होती. "झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मी त्याले स्वतः सांगणार होती, साहेब. साक्षगंधाच्या आधी, दोघंच असताना. कसं सांगाचं ते बी ठरवून ठेवलं होतं."

"मग आता सांग की, बेटा."

"आता काय सांगू? त्याले तं माहीत आहे."

तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या चोरीला गेलेल्या वस्तू शोधून परत दिल्या. तिला परत द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. जबाब तिच्यापुढे सरकवला, आणि तिने सही केली.