राखेवर आलेला आळ

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण गोष्ट तिच्या सख्ख्या काकांची आहे. झाडांचं इतकं कळणारा दुसरा माणूस उभ्या ठाण्यात झाला नाही, असं सगळा नौपाडा म्हणत असे आणि काका त्याला कधीही हरकत घेत नसत. त्या काकांची बाग मी जाळली. आगीनं नव्हे, सोड्यानं.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. काका खाली राहत, आम्ही माडीवर. माडी त्यांनीच दिलेली, आणि त्याचा विसर पडू नये म्हणून ते मला दिवसातून चारदा खालून हाक मारत. अंगणात भिंतीलगत त्यांचा लांबलचक वाफा होता: एक अनंत, एक तगर, दोन जास्वंदी आणि कर्दळींची रांग. पाहुणा आला की आधी त्याची या मंडळींशी ओळख होई, मग वेळ उरला तर घरातल्या माणसांशी. चार घरांतलं रेशनच्या तांदळाचं धुवण त्यांच्याकडे येई. एका बाईनं ते चुकून मोरीत ओतलं, तेव्हा काका महिनाभर तिच्या नवऱ्याशी बोलले नाहीत. तिच्याशी बोलत होते, कारण धुवण तिच्या हातात होतं. अनंताला ते 'रावसाहेब' म्हणत आणि मला 'जावईबापू'. त्यातल्या रावसाहेबांमध्ये आदर होता. आळीत कुणाच्याही घरी रोप आलं की लावायला काकाच लागत, कारण त्यांच्या हाताला गुण. त्यांनी वाळकी काठी खोचली तरी फुटते, असं बायका म्हणत. काका लाजत नसत.

पावसाळा संपला की अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरे. ते काथ्या आणि राख घेऊनच घासायचं, असा काकांचा हुकूम होता. घासायला मात्र त्यांना सवड नसे. एका सकाळी कामावर निघताना मी त्यावरून सपशेल आडवा झालो. काका अनंताची पानं पुसत होते.

"सांभाळून, जावईबापू," ते म्हणाले, "कर्दळीचा कोंब मोडाल."

काकू हसल्या. पाठीपेक्षा ते हसू जास्त लागलं. मी गिरणीच्या धुलाई खात्यात कारकून. तिथं कोरं कापड उकळायला कॉस्टिक सोडा वापरत. काका-काकू बायकोला घेऊन कल्याणला लग्नाला गेले ती दुपार गाठून मी तिथून आणलेला डबाभर सोडा फरशीवर ओतला, खराटा मारला, वर बादल्या उपड्या केल्या. पाणी कुठं गेलं ते मी पाहिलं नाही. खरं म्हणजे पाहिलं. उतार वाफ्याकडेच होता.

"वा, फरशी कशी निघालीय. कशानं घासलीत?" संध्याकाळी काकांनी विचारलं.

"राखेनं," मी म्हणालो. "तुम्ही सांगता तशी."

चौथ्या दिवशी कर्दळी करपल्या आणि रावसाहेबांची पानं काळी पडली. काकांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"माती खारावली. राख जास्त झाली. रोज मी घालत होतोच, त्यात तुमची वाहून आली. तुमचा काय दोष? राखेचं मीच सांगितलं होतं. माझंच चुकलं."

तोंड उघडायची वेळ हीच होती. मी उघडलंही.

"मग आता उपाय काय?" मी विचारलं.

उपाय म्हणजे वीतभर माती खरवडून टाकणं आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी वीस-वीस बादल्या. ओढायला मी. शिवाय घरातलं सगळं आंबट ताक अनंताच्या बुंध्याशी जाई.

"रावसाहेबांची कढी झाली," काकू म्हणाल्या. "आता आम्ही भात कशाशी खायचा?"

"आजाऱ्यासमोर जेवणाच्या गोष्टी काढू नयेत," काका म्हणाले.

मला बादल्या ओढताना पाहून आळी म्हणू लागली, जावई असावा तर असा. मी पुढची बादली विहिरीत सोडली.

कर्दळी गेल्या. तगर आणि एक जास्वंद तगली. काका रोज अनंताच्या सालीला नख लावून आत हिरवं आहे का बघत. महिन्याभरानं बुंध्याशी एक कोंब आला. सुटलो, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी मोगऱ्याचं रोप घेऊन आल्या. काकांनी हात पुढं केले आणि पुन्हा मागं घेतले.

"माझ्या हातानं नको, वहिनी. या हातांनी घरचीच झाडं मारली. जावईबापूंकडून लावून घ्या. त्यांच्या हाताला गुण आहे."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी रोप लावलं, आणि ते जोमानं वाढलं. तेव्हापासून आळीतली रोपं मीच लावतो. काका शेजारी उभे राहून खड्डा किती खोल हवा ते सांगत. मातीला हात मात्र त्यांनी परत लावला नाही.

काकांना जाऊन चार वर्षं झाली. काकू अजून खालीच राहतात. चुलीतली राख त्या पार गटारापाशी नेऊन टाकतात, चिमूटभरही वाफ्याजवळ सांडू देत नाहीत. राखेनं काही झालं नव्हतं, काकांच्या हातानं तर नाहीच, सोडा मी आणला होता, एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.