तिसावरचा लाल ठिपका

बाबालालकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९६३ साली. मंगळवार पेठेत आमच्या शाळेसमोर गुळाचे व्यापारी गणपतराव यांची जुनी काळी मोटार थांबली होती. तिचा ड्रायव्हर खाली उतरून, हात आडवा धरून, पोरांना रस्ता ओलांडू देत होता. मागच्या सीटवरून गणपतराव ओरडत होते, "अरं, तू शाळेत नोकरीला हाईस का माझ्याकडं?"

गणपतराव वेगाला भ्यायचे. गाडी ताशी तीस मैलांच्या वर न्यायची नाही, ही त्यांची ताकीद. मीटरच्या काचेवर, तिसाच्या आकड्यावर, त्यांनी स्वतः लाल रंगाचा ठिपका दिला होता.

पुढच्या वर्षी कुरुंदवाडहून परतताना गाडी एका बैलगाडीला मागून धडकली. माणसं, बैल वाचले. गणपतराव म्हणाले, गाडी पन्नासनं पळत होती. बाबालाल म्हणाला, काटा ठिपक्यावर होता. पेठेनं मालकाचं ऐकलं. नोकरी गेली. दुसरीकडे बोलावणं आलं तरी बाबालाल पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. सायकलच्या दुकानात पंक्चर काढू लागला.

"गुरुजी, गाडी जोरात हाय असं अंगाला वाटत हुतं," तो एकदा मला म्हणाला. "पर काटा तिसावर. का माझं डोळंच फसलं, कुणाला इचारू?"

पुढे ती मोटार भंगारात निघाली, तेव्हा तेवढा मीटर त्यानं मागून आणला आणि ट्रंकेत ठेवला. तपासून मात्र घेतला नाही. का, ते मी विचारलं नाही.

१९७८ मध्ये बेळगावहून जुन्या मोटारींचे एक शौकीन आले. त्यांना तसलाच मीटर हवा होता. किंमत ठरवायची तर तपासणी हवी, म्हणून आम्ही पिराजीच्या मीटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पिराजीनं पायानं चालवायच्या शिलाई मशीनला एक दांडा जोडला होता. दांड्याच्या एका टोकाला खात्रीचा मीटर, दुसऱ्याला शंकेचा. तालमीतल्यासारखं याला तो 'जोड लावणं' म्हणे.

त्यानं पाय मारायला सुरुवात केली. खात्रीचा काटा तिसावर गेला, तेव्हा बाबालालचा अजून अठरावर रेंगाळत होता. खात्रीचा पन्नासला पोचला आणि बाबालालचा काटा लाल ठिपक्यावर येऊन बसला.

"चितपट!" पिराजी ओरडला. "बाबालाल, तुझा पैलवान चोर हाय की लेका!"

"मग किंमत निम्मीच," बेळगावकर म्हणाले.

"निम्मी का म्हणून? आतलं चुंबक थकलंय, बदलून देतो. त्यो ठिपकाबी खरवडतो. पुरी किंमत द्या की पावणं."

बाबालाल वाकून ठिपक्याकडे बघत होता. "पुन्यांदा फिरीव," तो म्हणाला.

पिराजीनं फिरवला. काटा पुन्हा तिथंच.

"आता हात लावू नगंस त्येला. पावणं, माफी असावी, ह्यो इकायचा न्हाय."

"अहो, बिघडलेल्या मीटरचं करणार काय?"

"बघत बसणार."

गणपतराव तेव्हा हयात होते. परतताना मी विचारलं, "त्यांना दाखवून येऊ या का?"

"नगं गुरुजी," बाबालाल हसला. "त्ये पन्नास म्हणत हुते. त्येबी खरंच निघालं की."

बाबालाल आता उचगावात मुलीजवळ, फातिमाजवळ, राहतो आणि तिथल्या शाळेच्या पोरांचा टेम्पो चालवतो.