बोडीला बोडकी म्हणणारा नकाशा

धान कापणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी गाव सोडत नाही. मी सोडलं. शेजारीण म्हणाली, "विळे चालून राहिले आन् तू फिराले चालली वो बुढे?" मी म्हटलं, "फिराले नाई, भांडाले चालली." भांडायला जाणाऱ्या माणसाला आमच्या गावात कोणी अडवत नाही.

कारण असं झालं. माझी धाकटी बहीण सगुणा गोंदिया शहराच्या अगदी कडेला राहते. तिच्या घरामागे एक बोडी आहे (बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवलेला लहान तलाव). नवरा गेल्यापासून ती त्या बोडीत शिंगाडे लावते आणि बाजारात विकते. दुसरी कमाई तिच्या घरात नाही. तिचा फोन आला, "बाई, आमच्या बोडीवर बगीचा येऊन राहिला." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. पुढच्या वीस वर्षांत शहर कसं वाढवायचं याचा नकाशा तयार झाला होता. तो एका हॉलमध्ये लावला होता आणि कोणाची तक्रार असेल तर येऊन सांगा, असं बोलावणं होतं. तक्रार सांगायला दोनच दिवस उरले होते.

सगुणा पाण्यात उभी असली की वाघीण असते. कागदासमोर उभी केली की शेळी होते. मी चौथी शिकले आहे. आमच्या माहेरात तेवढंच शिक्षण आहे, म्हणून ते घेऊन मी निघाले.

अर्जुनी मोरगावहून सकाळची गाडी पकडली. खिडकी मिळाली. बाहेर दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या होत्या (कडपा म्हणजे कापून शेतातच वाळत ठेवलेलं धान). मध्येच एखादी बोडी दिसायची, तिच्यात बगळे, काठावर म्हशी. सौंदडला एक जाडा माणूस पोतं घेऊन चढला आणि म्हणाला, "अम्मा, थोडा सरको."

"सरकून कोठी जाऊ? खिडकीच्या बाहेर?"

तो हसला, पोत्यावरच बसला आणि हिरडामाळीपर्यंत मला त्याच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगत राहिला. मुलगा पसंत होता, पण मुलाची आई फार बोलते म्हणे. मी म्हटलं, बोलणारी बरी, मुकी सासू जास्त घातक असते. त्याला ते पटलं असं वाटलं.

गोंदिया स्टेशनचा पूल मी तीन ठिकाणी थांबून चढले. बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला माणसांनी चालायची जागा मोटारसायकलींनी धरलेली. बाजारात अर्धा तास फिरले. बायकांसाठी मुतारी कुठे आहे असं एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "दादी, वो तो नहीं है इधर." मी विचारलं, "मंग इकडच्या बाया काय करतेत?" तो वजनकाट्याकडे पाहू लागला. गोंदियात मराठी बोललं तरी उत्तर हिंदीत येतं. मी मराठीतच बोलते. त्यांना कळतं सगळं.

भूक लागली होती म्हणून गाड्यावर समोसा खाल्ला. समोसा चांगला होता. चटणी पाणचट होती, तसं मी सांगितलं. गाडेवाल्याने दुसरी चटणी दिली, ती झणझणीत निघाली. सांगितल्याशिवाय काही मिळत नाही.

सगुणाच्या घरी पोचले तेव्हा ती बोडीतच होती. बोडी काठोकाठ हिरवी होती. शिंगाड्याची पानं पाण्यावर एकाला एक चिकटून पसरली होती, त्यात बारीक पांढरी फुलं. सगुणा डोंग्यावर (लाकडाची अरुंद होडी) बसून वेल उलटा करायची, खालचे शिंगाडे तोडायची आणि वेल परत सोडायची. पंचवीस वर्षांपूर्वी मी इथे आले होते तेव्हा चारी बाजूंनी शेतं होती. आता तीन बाजूंना पक्की घरं आहेत आणि सगळ्यांची पाठ बोडीकडे आहे. मागच्या खिडकीतून कोणी काय फेकतं ते मी लिहीत नाही.

तिने भात आणि झिंग्यांची भाजी केली. तिखट जास्त होतं. "हात कापते का वो तुजा तिखट टाकतानी?" मी विचारलं. ती म्हणाली, "काल्पासून सगळाच जीव कापून राहिला, बाई. बोडी गेली त मी कोणाच्या घरचे भांडे घासू या वयात?" मी तिला जेव म्हटलं. रिकाम्या पोटी भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉलवर गेलो. सगुणाने पिशवीत ताजे शिंगाडे घेतले होते, साहेबाला द्यायला. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, रिकाम्या हाती कसं जावं. तिथे दोन दरवाजे आणि दोन रांगा होत्या. लांब रांग खरी असणार, असं समजून मी त्या रांगेत लागले. सगुणा बाहेर चप्पल शिवून घ्यायला थांबली होती. रांग पुढे सरकली, पांढऱ्या कोटातल्या मुलीने मला खुर्चीवर बसवलं, "अम्मा, ऊपर देखो" म्हणाली आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. मला वाटलं, नकाशा बारीक अक्षरांचा असेल म्हणून आधी डोळे पाहत असतील. परत दोनदा थेंब टाकले. मग शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचा मोतीबिंदू कोणत्या डोळ्यात आहे?" तेव्हा कळलं की हे डोळे तपासणीचं शिबिर आहे. नकाशाचा हॉल शेजारी होता.

मी उठून बाहेर आले. ऊन डोळ्यांत सुईसारखं शिरत होतं. सगुणा म्हणाली, "बाई, रडली का?" मी म्हटलं, "रडीन कायले? चाल."

हॉलमध्ये लांबचं दिसत होतं, जवळचं सगळं पुसट. भिंतीवर मोठा फलक होता: 'राहण्यायोग्य, सर्वसमावेशक आणि शाश्वत शहर'. तिथे केतकी नावाची एक तरुण मॅडम होती, नकाशा समजावून सांगायला. तिला मी विचारलं, "सर्वसमावेशक म्हणजे काय वो?"

"म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं, आजी."

तेवढ्यात तीनचाकी सायकलवर बसलेला एक माणूस बोलला, "मॅडम, मला या हॉलच्या चार पायऱ्या दोघांनी उचलून चढवलं. तुमच्या नकाशात सायकल चढेल अशी चढण ठेवा, नाहीतर तो शब्द खाली उतरवा." लोक हसले, पण मॅडमने ते लिहून घेतलं. मीही मुतारीचं लिहायला लावलं. बाजारात एक, स्टेशनजवळ एक, आणि कुलूप नसलेली. तिने तेही लिहिलं. पोरगी कामाची होती.

मग आमची बारी आली. नकाशा टेबलावर पसरला होता. माझ्या डोळ्यांसमोर नुसता रंगांचा काला. चौथी शिकलेली मी, ऐन वेळी निरक्षर झाले. आतापर्यंत येणारे सगळे रंग पाहून बोलत होते, बारीक अक्षरं कोणी वाचत नव्हतं. मला रंगही धड दिसेना. मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या घरामागं काय लिवलं हाये, ते मोठ्यानं वाच."

मॅडम वाकली. "इथे लिहिलंय, बोडकी जागा. प्रस्तावित बगीचा आणि पार्किंग."

"काय म्हटलं?"

"बोडकी जागा."

"बोडीले बोडकी कोणं केलं?" माझा आवाज चढला. सगुणा माझा पदर ओढू लागली. मी पदर सोडवून घेतला.

मॅडम गोंधळली. "आजी, जागांच्या यादीत 'बोडी' असं आलं होतं. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे बोडी म्हणजे भादरलेलं डोकं. आम्हाला वाटलं, उघडीबोडकी जमीन असेल, कोणी घाईत अर्धंच लिहिलं. म्हणून आम्ही शब्द नीट केला."

आता हॉलमधले सगळे हसायला लागले. तीनचाकीवाला तर डोळे पुसत होता. मॅडमचे कान लाल झाले, पण ती पळाली नाही. म्हणाली, "जागेच्या फोटोतही कोरडी जमीनच होती. मुलं क्रिकेट खेळत होती."

"फोटो कवा काढला?"

"मे महिन्यात."

"मे महिन्यात माझा रांजणबी कोरडा राहते. तो का बोडका झाला?"

मोठे साहेब आतून आले. काय गोंधळ आहे, विचारू लागले. सगुणाने पिशवी त्यांच्यासमोर टेबलावर उपडी केली. वेलासकट ओले शिंगाडे नकाशावर पडले, पाणी ओघळलं. साहेबांनी एक उचलला आणि "आई गं" म्हणून टाकला. शिंगाड्याच्या दोन्ही टोकांना काटे असतात.

मी म्हटलं, "बोडक्याले काटे नाई राहत, साहेब."

साहेब बोट चोखत म्हणाले, "ठीक आहे, पण जागा पाहिल्याशिवाय मला नकाशातला रंग बदलता येत नाही. आणि तक्रारी आज पाच वाजता बंद होतात."

"मंग पाच वाजाच्या आत पाहा. चाला."

साहेबांना दुसरी बैठक होती. केतकी मॅडम आली. ऑटोत आम्ही तिघी आणि तिचा गुंडाळलेला नकाशा. रस्त्यात तिने विचारलं, "आजी, डोळ्यांना काय झालंय?" मी शिबिराचं सांगितलं. ती इतकी हसली की ऑटोवाला वळून पाहायला लागला. "समोर पाहा गा," मी त्याला म्हटलं, "माझे डोळे गेले, तुझे त राहू दे."

बोडीवर पोचल्यावर ती थेट पाण्याकडे निघाली. काठावर जाऊन मोबाइलने फोटो काढू लागली, आणखी एक पाऊल पुढे टाकलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. सगुणाने तिचा दंड धरला आणि पोत्यासारखं उचलून डोंग्यावर बसवलं. एक चप्पल आतच राहिली. ती अजून तिथेच असेल.

आणि डोंग्यावर बसल्याबरोबर सगुणाचं तोंड उघडलं. हॉलमध्ये जी बाई एक शब्द बोलली नव्हती, ती थांबेना. पलीकडच्या तीन मोहल्ल्यांचं पाणी कोणत्या नालीतून येतं, कुठे तुंबतं, जोराचा पाऊस झाला की किती पायऱ्या बुडतात, उन्हाळ्यात बोडी आटली तरी आसपासच्या विहिरींना कधीपर्यंत पाणी राहतं, सगळं हात करून दाखवत होती.

"तुमी बुजवाल त बुजवा, मॅडम," ती म्हणाली. "पानी त अठीच येईन. मंग मी तुमच्या बगीच्यात शिंगाडे लावीन."

मॅडमने लिहायचं थांबवलं. "ताई, हे तुम्ही हॉलमध्ये का नाही सांगितलं?"

"तठी पान्याचं कोणं विचारलं?"

मी काठावरून ओरडले, "आन् काठानं चालाची वाट करा, दोन बाक ठेवा. म्हाताऱ्या बसतीन."

"तुम्हाला तर बगीचा नको होता!"

"बोडीत नको म्हटलं. काठावर नको, असं कोणं म्हटलं?"

यावर सगुणा माझ्यावरच उलटली. "बाक कायले पाहिजे वो बाई? लोकं येतीन, पुड्या फेकतीन, शिंगाडे चोरतीन."

"आता का मागच्या खिडकीतून फुलं फेकून राहिले? लोक समोरून आले त लाज तरी धरतीन."

आम्ही दोघी पाण्यावरून आणि काठावरून भांडत होतो आणि मॅडम मध्ये बसून दोघींचं लिहीत होती. शेवटी ठरलं, बाक नालीच्या बाजूला, शिंगाड्यापासून लांब. सगुणा नाखुशीने "हाव" म्हणाली.

पाचच्या आधी परत पोचलो. मॅडमच्या एका पायात सगुणाची जुनी चप्पल होती. तिने निळी पेन्सिल घेऊन ती जागा रंगवली, 'बोडकी जागा' खोडलं आणि वर लिहिलं: बोडी. माझे डोळे तोवर थोडे उघडले होते, ते मी स्वतः वाचलं. सगुणाने तक्रारीखाली सही केली. तीन अक्षरांना तिला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही. साहेबांनी खाली सही केली आणि खरं तेच सांगितलं: ही दुरुस्ती ते पाठवतील, शेवटचा निर्णय वरचे घेतील. सगुणाने विचारलं, "म्हणजे बोडी राहीन का?" साहेब म्हणाले, "राहायला पाहिजे, असं मी लिहिलंय." आम्हाला हवं होतं तेवढं हे नव्हतं, पण सकाळी काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली. सगुणा स्टेशनवर येणार नव्हती. तोडणीचा दिवस होता. मीच म्हटलं, येऊ नको.

गाडीत विचार करत बसले. वीस वर्षांनी मी असणार नाही, आणि असले तरी कोणी मला गोंदियाचा तो पूल चढवू नये. मग मला काय पडलं होतं? आमच्या भागातले तलाव ज्यांनी बांधले, त्यांनी आमची तोंडं पाहिली नव्हती. आम्ही कसे असू हे त्यांना माहीत नव्हतं. फक्त पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते त्यांनी आधी पाहून घेतलं होतं. त्यावर आमचं धान अजून पिकतं. शहराच्या नकाशालाही याहून वेगळी अक्कल लागते असं मला वाटत नाही. मेमध्ये एकदा पाहावं, पावसाळ्यात एकदा पाहावं, आणि तिथे राहणाऱ्या बाईला विचारावं. तिने हॉलमध्ये तोंड उघडलं नाही, तर तिच्या डोंग्यावर जाऊन बसावं.

समोर गाठोडं घेतलेली एक बाई बसली होती. तिने विचारलं, "कोठी गेल्ती वो माय?"

"गोंदियाले. वीस वरसानंतरचं गोंदिया पाहून आली."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. डोकं ठिकाणावर आहे की नाही, याचा अंदाज घेतला असणार. मग म्हणाली, "मंग? कसं हाये?"

"सध्या त ओलं हाये," मी म्हटलं. "कागदावर."