पुतळाचं कपाळ

बोनकोडे गावात गोटीरामशेठशी भांडण झालेलं नाही असा माणूस शोधायचा तर तो पाळण्यातच सापडला असता. भाडेकरू त्याला टरकून असत, रिक्षावाले त्याच्या दारात रिक्षा लावत नसत, आणि रस्त्यापलीकडच्या सेक्टरातल्या फ्लॅटवाल्यांना तर तो माणसांतच धरत नसे. आमच्या भातावर येऊन बसलीत ही, असं तो त्यांच्या देखत म्हणे. त्याच भातशेताच्या मोबदल्यावर आपली चार मजली इमारत उभी राहिली आणि आपण तिच्या खोल्या भाड्याने देऊन जेवतो, हे त्याच्या लेखी वेगळं प्रकरण होतं.

अशा माणसाने सत्तरीला टेकताना तेलरंगांच्या क्लासात नाव घातलं. तेही रागाने. प्रेमाने काही करायची त्याला सवयच नव्हती.

झालं असं की दिवाळीनंतर त्याची बायको पुतळा गेली. तेराव्याला विपुलने, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलाने, हॉलच्या मुख्य भिंतीवर तिचा मोठा फोटो लावला. कंप्युटरवर करून आणलेला. त्यातली बाई गोरी होती, गाल गुळगुळीत होते, कपाळ आरशासारखं साफ होतं. गोटीराम फोटोपुढे उभा राहिला आणि भरल्या घरात ओरडला, "ही कोन बाई? माजे घरात हिला कशाला टांगलंय?"

"आई आहे," विपुल म्हणाला.

"माजी बायको काली व्हती. नि कपालावरची खोक कुठं हाय? कुनाला विचारून पुसली?"

ती खोक सगळ्या गावाला माहीत होती, कारण गोटीरामने ती सगळ्या गावाला सांगितली होती. नव्या शहरासाठी जमिनी मोजायला सरकारी माणसं आली तेव्हा गावाने त्यांना बांधावर अडवलं, झटापट झाली, आणि कुणाची तरी काठी पुतळाच्या कपाळावर बसली. भुवईच्या आतल्या टोकापासून निघून तिरकी वर केसांत गेलेली ती खोक. पुढची चाळीस वर्षं गोटीरामने ही गोष्ट सभेत सांगितली, हळदीच्या मांडवात सांगितली, समाजमंदिराच्या उद्घाटनाला माइकवरून सांगितली. "माजे बायकोनं जमिनीसाठी डोका फोडून घेतलाय," असं म्हणून तो स्वतःच्या कपाळावर बोट फिरवून दाखवी आणि टाळ्या घेई. पुतळा तेव्हा बायकांत खाली मान घालून बसलेली असे. कुंकू ती रुपयाएवढं लावायची आणि दोन्हीकडचे केस चापून खाली ओढायची.

"आईला ती खोक नको होती," विपुल त्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हा ती तुला बोलली होती, तुमी माजा कपाल गावभर फिरवता. मी ऐकलंय. आता ती मेली ना, आता तरी बस कर."

गोटीरामने त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं. पोराला गावाची लाज वाटते, काळ्या आईची लाज वाटते, असं त्याने स्वतःला पटवलं. फोटो खोटं बोलतो, तर आपण खरं चित्र काढू आणि त्या फोटोच्या नाकासमोर टांगू. आणि ते चित्र असं पाहिजे की पोराच्या पोरांनाही उतरवता येऊ नये. वर्षाच्या कार्याच्या आत ते झालंच पाहिजे.

क्लास सेक्टरातल्या एका बैठ्या घरात होता. शिकवणारी ऋता पस्तिशीची, बारीक, आणि तोंडाने गोटीरामच्या तोडीस तोड.

"पहिल्यांदा वांगी, लोटे, कांदे काढायचे," ती म्हणाली. "चेहरा नंतर."

"मना वांगी नाय काढायची."

"मग घरी जा, काका."

गोटीरामशी असं कुणी बोललं नव्हतं. तो घरी गेला नाही. शिमग्यापर्यंत त्याने दात खात वांगी काढली. बाकीच्या शिकणाऱ्या बायका त्याच्यापासून ईझल लांब सरकवत, कारण तो शेजारणीचं चित्र बघून मोठ्याने नावं ठेवी. पण भातशेती केलेला हात होता, दमाचा होता, आणि त्याला वस्तूचा आकार पटकन कळे. हे ऋताला दिसत होतं. ती ते बोलून दाखवत नव्हती एवढंच.

तिने त्याला तेलरंगाचा कायदा सांगितला. खालचा थर पातळ, टर्पेंटाइनमध्ये कालवलेला, तेल जवळजवळ नाहीच. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग वर जाल तसतसं जवसाचं तेल थोडं थोडं वाढवायचं. "उलटं केलंत, तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा आत हलत राहतो. मग चित्र फुटतं."

"मना ऑइलपेंट शिकवतंस?" गोटीराम म्हणाला. "चार मजले रंगवलेत मी."

रंगवले होते, खरंच. नवीन भाडेकरू यायचा असला की ओल आलेल्या भिंतीवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरून ऑइलपेंटचा हात मारायचा आणि चावी द्यायची. पोपडे सुटेपर्यंत भाडेकरूची मुलं जवळच्या शाळेत घातलेली असत, मग तो कुठे जातो! या धंद्यात गोटीरामचा हात कुणी धरला नसता.

चेहऱ्याचं चित्र त्याने ऋताला न दाखवता गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं. आणि सुरुवात केली ती खोकेपासून. डोळे नाहीत, नाक नाही, आधी खोक. ट्यूबमधला रंग भरपूर तेलात कालवून त्याने डाव्या भुवईकडून वर जाणारी जाडजूड रेघ भरली, भिंतीत लांबी भरावी तशी. बघू दे पोराला, लांबून दिसली पाहिजे. मग वरून टर्पेंटाइन घालून कपाळाचा, गालांचा रंग फिरवला आणि वैशाखाच्या उन्हात चित्र उभं केलं. संध्याकाळी बोट लावलं तर सुकलेलं. ऋताच्या कायद्याला त्याने मनातल्या मनात एक शिवी हासडली.

पाऊस सुरू व्हायच्या आत चित्र फुटलं. डोळे, नाक, हनुवटी सगळं ठीक होतं, पण कपाळावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या. शेडमध्ये कपडे वाळत घालायला आलेल्या विपुलने ते पाहिलं. महिनोन्महिने बंद असलेलं बोलणं त्याने या एका वाक्यापुरतं उघडलं.

"भाडेकरूला देतोस तशी भिंत केलीस आईची."

गोटीरामने हातातला टर्पेंटाइनचा डबा फेकून मारला. तो विपुलला लागला नाही, पण वाळत घातलेल्या सगळ्या चादरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो फुटकं चित्र घेऊन क्लासात गेला आणि रंग भेसळीचे आहेत म्हणून ऋतावर तुटून पडला. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग भेगेत नख घातलं. आतून ओला रंग नखाला लागला. तो तिने त्याच्यासमोर धरला.

"आता काय करायचा?" गोटीरामने विचारलं.

"टाकून द्यायचं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी इथे, माझ्यासमोर."

नवा कॅनव्हास लागला. ऋताने मातकट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून दिला आणि म्हणाली, या थरात नुसती बांधणी करायची. सगळं जागच्या जागी पाहिजे, कारण एवढ्या पातळ रंगात चूक लपत नाही. गोटीरामने चेहऱ्याची गोलाई धरली, रुंद नाक धरलं, पुढे आलेली हनुवटी धरली. मग ब्रश कपाळाकडे नेला.

"खोक कुठे सुरू होते, कुठे संपते, आधी मला सांगा," ऋता म्हणाली. तो सगळ्या क्लासला ती गोष्ट कितीदा तरी ऐकवून बसला होता.

गोटीरामने सवयीने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. डावीकडे. मग ब्रश दुसऱ्या हातात घेतला आणि उजवीकडे ठेवलं. मग दोन्ही हात खाली घेतले.

"कुठल्या बाजूला होती, काका?"

गोटीराम ब्रश न धुताच उठून घरी गेला.

घरी त्याने होते नव्हते तेवढे फोटो काढले. विपुलच्या लग्नातले, बारशातले, जेजुरीचे. सगळीकडे तेच मोठं कुंकू, तेच खाली ओढलेले केस, डोक्यावर पदर. चाळीस वर्षं एका छपराखाली काढली. तिच्या हातचं जेवला, तिच्यावर खेकसला, तिच्या नावावर टाळ्या घेतल्या. आणि तिचं कपाळ कसं होतं हे त्याला माहीत नव्हतं. काठी बसली तेव्हा तो पुढे घोषणा देत होता आणि ती मागे होती. टाके निघाले त्या दिवसापासून ती कुंकू लावूनच त्याच्यासमोर आली. गोटीरामला स्वतःची शिसारी आली. ती त्याला सहन होईना, म्हणून त्याने आधी खालच्या भाडेकरूला पाणी सांडलं म्हणून झापून घेतलं.

दोन दिवस तो कुढत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटावरून मान वर न करता, त्याने मुलाला विचारलं, "तिची खोक कुठले बाजूला व्हती?"

विपुलचा घास हातातच राहिला. त्याला आधी वाटलं, बाप काहीतरी डाव टाकतोय. मग त्याने बापाचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं की डाव नाही.

"तुला माहीत नाय?" तो म्हणाला. "तू? समाजमंदिरात उजवीकडे दाखवलीस. मोरेश्वरकाकाच्या हळदीत डावीकडे. माइक ज्या हातात नसायचा त्या हाताने दाखवायचास. आम्ही पोरं हसायचो, बाबा. आई नाय हसायची." तो ताटावरून उठला. "सांगणार नाय मी. तूच सांग ना गावाला. माइक आणून देऊ?"

गोटीराम बसून राहिला. कुणी असं बोललं असतं तर एरवी ताट उडालं असतं.

सुचिता, सून, ओट्याशी भांडी घासत होती. पुतळाचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं होतं. ती तशीच पाठमोरी म्हणाली, "उजव्या, मामा. उजव्या भुवईपासून वर. डोक्याला तेल लावताना माज्या बोटांना लागायची." तिने नळ बंद केला. "लागली की त्या डोकं काढून घ्यायच्या. मी सून, रोजची अंघोळ मी घालायची, तरी मला पण हात लावू दिला नाय कधी."

गोटीरामने हात धुतले आणि पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. तिथे तो रडला. सुचिता वर चहा घेऊन गेली आणि जिन्यातूनच परत आली.

पुढे सबंध पावसाळा त्याने क्लासात भांडण केलं नाही असं म्हणता येणार नाही. बायकांच्या गप्पांवरून केलं, पंख्यावरून केलं. पण चित्रावरून नाही. उजव्या भुवईपासून वर एक बारीक रेघ त्याने पातळ रंगात काढली आणि वाळू दिली. दमट हवेत थर सुकता सुकत नसे. तो रोज येऊन नुसता बघून जाई. मग राखाडी थर, मग त्वचेचा सावळा रंग, दरवेळी तेल थोडं वाढवून. प्रत्येक थरात खोक तशीच ठेवली, कमी नाही, जास्त नाही. चेहरा असा उतरला की ऋता एकदा आपलं काम सोडून मागे येऊन उभी राहिली.

नवरात्रानंतर शेवटचा थर आला. गोटीरामने लाल रंगात जवसाचं तेल नीट कालवलं आणि भुवयांच्या मध्ये रुपयाएवढं कुंकू लावलं. मग काळा घेतला आणि उजवीकडचे केस खाली ओढले. खोक गेली.

"काका!" ऋता म्हणाली. "इतके महिने त्या खोकेसाठी भांडलात ना?"

"हाय ना ती. खाली हाय."

"तेलरंग म्हातारा झाला की पारदर्शक होतो. पन्नास वर्षांनी थोडी दिसेल."

"तवा मी नसन," गोटीराम म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

वर्षाच्या कार्याला वॉर्निश न दिलेलंच चित्र घरी आलं, कारण वॉर्निशला अजून सहा महिने तरी थांबा असा ऋताचा हुकूम होता. विपुलने मुख्य भिंत दिली नाही, गोटीरामने मागितली नाही. चित्र समोरच्या भिंतीला खुर्चीवर टेकवून ठेवलं. पंगत बसली, वडे, खीर, भाजी वाढून झाली. गोटीरामचा जुना जोडीदार कोंडिबा, बांधावरच्या त्या झटापटीतला आता एकटाच उरलेला, जेवता जेवता चित्राकडे बघत होता. न राहवून तो उष्ट्या हाताने उठला.

"शेठ, वहिनी बोलते का काय असा वाटते. पन खोक कुठं हाय? काडली नाय?" त्याने चित्राजवळ जाऊन कुंकवाकडे बोट नेलं. "सांगा ना ती गोष्ट. या नव्या पोरांना ठाव नाय."

पंगत थांबली. नेहमीची गोष्ट येणार म्हणून पोरांनी आधीच माना वळवल्या. विपुल वड्यांची परात घेऊन दारात उभा राहिला.

गोटीराम पानावरून उठला, कोंडिबाच्या आणि चित्राच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"तुना काय करायचाय तिचे कपालाशी?" तो म्हणाला. "बस खाली. जेव नि घरी जा."

कोंडिबा पडलेल्या तोंडाने जागेवर जाऊन बसला. गोटीरामही आपल्या पानावर बसला, पण घास काही तोंडापर्यंत जाईना. विपुल वाढत वाढत त्याच्यापाशी आला. बापाच्या पानावर एक वडा ठेवला, जरा थांबला, आणि पुढच्या पानाकडे गेला.